पाळकाचा पगार कोण देतं?

पाथर्डी किंवा जामखेडकडच्या एखाद्या गावातलं लहानसं चर्च डोळ्यांपुढे आणा. वीस-पंचवीस कुटुंबं. त्यांतली बरीचशी शेतमजुरीवर जगणारी, काही दिवाळी आटोपली की कोयता घेऊन ऊसतोडीला जाणारी. रविवारच्या भक्तीत दानाची थैली फिरते, तीत दहा-वीसच्या नोटा आणि नाणी पडतात. चारही रविवारांची बेरीज केली तरी एका कुटुंबाचा महिना निघणार नाही, हे सांगायला खजिनदाराची गरज नाही. तरीही त्या गावाला पाळक असतो. तो बाप्तिस्मे देतो, लग्नं लावतो, प्रेताला मूठमाती देतो आणि त्याचीही मुलं शाळेत जातात. मग त्याचा पगार येतो कुठून? बाहेरच्या माणसाचं उत्तर ठरलेलं: 'परदेशातून.' ते आता बरंचसं शिळं झालं आहे. आतला माणूस म्हणतो, 'डायोसिसकडून.' हे उत्तर खरं आहे, पण त्यातून काही उलगडत नाही. डायोसिस म्हणजे अनेक मंडळ्या मिळून झालेला धर्मप्रांत. त्याच्याकडे नोटा छापायचं यंत्र नाही. पैसा कुठून तरी गोळा होतो, कुठे तरी साठतो आणि कुणी तरी तो वाटतं. हा प्रवास नीट पाहिला की एक गोष्ट ध्यानात येते. असा सामाईक निधी सुरू होतो लोकांच्या सढळ हातामुळे, पण टिकतो तो देणाऱ्याला हिशेब दिसतो म्हणून. अहिल्यानगर जिल्ह्यात, म्हणजे जुन्या नगर जिल्ह्यात, ही दुसरी बाजू फार उशिरा आली.

करिंथची वर्गणी

मंडळ्यांनी मंडळ्यांना पैसे पाठवायची कल्पना मिशनऱ्यांनी काढलेली नाही. ती नव्या करारातच आहे, तीही चांगल्या तपशिलासह. इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या मध्याला यरुशलेमातले विश्वासणारे हलाखीत होते. त्यांच्यासाठी प्रेषित पौलाने ग्रीक शहरांतल्या मंडळ्यांकडून वर्गणी जमवली. करिंथकरांना लिहिलेल्या दोन्ही पत्रांत तिची पद्धत सापडते. दर आठवड्याच्या पहिल्या दिवशी प्रत्येकाने आपल्या मिळकतीच्या मानाने काही बाजूला काढून ठेवावं, म्हणजे पौल आल्यावर धावपळ नको. पैसे घेऊन जाणारी माणसं मंडळ्यांनीच निवडावीत. एवढ्या मोठ्या रकमेबाबत आपल्यावर कुणी बोट ठेवू नये म्हणून ही काळजी घेत असल्याचं पौल स्वतःच लिहितो. आणि हेतू काय, तर समानता: आज तुमच्याकडे जास्त आहे ते त्यांच्या उणिवेला, उद्या त्यांच्याकडे जास्त झालं तर ते तुमच्या उणिवेला.

या मजकुरात दहा टक्के हा आकडा कुठेही नाही. दशमांश जुन्या कराराचा. तिथेही तो वाटपाच्याच व्यवस्थेचा भाग होता. इस्राएलाच्या बाकी वंशांना जमिनी मिळाल्या, मंदिराची सेवा करणाऱ्या लेवी वंशाला मिळाली नाही, म्हणून बाकीच्यांच्या पिकाचा दहावा हिस्सा त्याच्या पोटासाठी होता. दर तिसऱ्या वर्षी त्यात परके, अनाथ आणि विधवा यांचाही वाटा असे. आपल्याकडे व्यासपीठावरून दशमांशाचा उपदेश होतो तेव्हा दहा या आकड्यावर जोर दिला जातो, पण तो कुणासाठी आणि का होता हे बहुधा राहून जातं.

बोस्टनचा पैसा, नगरची मंडळी

नगरच्या ख्रिस्ती समाजाला घडवणारी अमेरिकन मराठी मिशन ही बोस्टनच्या अमेरिकन बोर्डाची शाखा. बोर्डाची स्थापना 1810 ची, मुंबईत त्याची माणसं आली 1813 मध्ये, नगरला ठाणं पडलं 1831 मध्ये आणि पहिली मंडळी उभी राहिली 1833 मध्ये. बोर्डाचा पैसा म्हणजे काही अमेरिकन सरकारची तिजोरी नव्हती. न्यू इंग्लंडमधल्या गावोगावच्या मंडळ्या, बायकांच्या सभा, रविवारच्या शाळेतली मुलं यांनी थोडं थोडं टाकून तो उभा केलेला असे. म्हणजे नगरला पोचणारा पैसाही मुळात सामाईक दानाचाच होता. फक्त देणारे आणि घेणारे यांच्यामध्ये दोन समुद्र होते.

ही वाट कायमची नाही, हे बोर्डाच्या सचिवाला, रुफस अँडरसनला, पक्कं ठाऊक होतं. इंग्लंडच्या चर्च मिशनरी सोसायटीचा हेन्री व्हेन आणि हा अँडरसन या दोघांनी एकोणिसाव्या शतकात एकच सूत्र मांडलं: मंडळीने स्वतःच्या पैशावर चालावं, स्वतःचा कारभार स्वतः करावा आणि स्वतःचा प्रसार स्वतः करावा. अँडरसन 1854 च्या अखेरीस हिंदुस्थानात आला. त्याच सुमाराला नगरच्या दोन मंडळ्यांवर हरिपंत खिस्ती आणि रामकृष्णपंत मोडक यांची पाळक म्हणून नेमणूक झाली. एतद्देशीय पाळक आला, की आज ना उद्या त्याचा पगारही एतद्देशीय खिशातून निघेल, असा हिशेब होता.

कागदावर तो बिनचूक होता. अडचण खिशाची होती. पुढच्या दशकांत जिल्ह्याच्या गावांतून जे ख्रिस्ती झाले ते मुख्यतः महार आणि मांग समाजांतले. त्यांची मिळकत बलुत्याच्या आणि मजुरीच्या धान्यात, तीही वर्षातून एकदा-दोनदा हाती येणारी. पाळकाला मात्र दरमहा रोख लागते. गावात महिन्याकाठी रुपये हातात पडत ते शाळामास्तर, उपदेशक किंवा बायबल-बाई यांच्या, आणि या बहुतेकांचा पगार मिशनच देई. त्यामुळे थैलीतला रोख दशमांश बऱ्याच अंशी त्यांचाच. बोस्टनहून निघालेला पैसा मास्तरच्या पगारातून थैलीत पडून पाळकापर्यंत पोचला, की मंडळी स्वावलंबी झाल्यासारखी दिसे. यात लबाडी नव्हती. मास्तर खरोखरच पोटाला चिमटा घेऊन देत होता. पण झऱ्याचं तोंड बदललं नव्हतं.

त्याहून खोल परिणाम हिशेबाच्या दिशेवर झाला. पैसा जिथून येतो तिथेच त्याचा हिशेब जातो. मिशनचे वार्षिक अहवाल इंग्रजीत छापले जात, कारण ते अमेरिकेतल्या देणगीदारांसाठी असत. मराठी वाचकासाठी 1842 पासून नगरहून निघू लागलेला 'ज्ञानोदय' होता, पण मिशनच्या तिजोरीचा जाब विचारायचा हक्क बाकावर बसलेल्या माणसाकडे नव्हता. ज्याचा पैसा नाही तो विचारणार कसा, आणि ज्याला विचारता येत नाही तो देणार कशाला? या चक्रात स्वावलंबनाचा गाडा रुतून बसला. नारायण वामन टिळकांनी 1917 मध्ये मिशनची नोकरी सोडून साताऱ्याला 'देवाचा दरबार' मांडला, त्यामागे ही घुसमटही होती. टिळकांचा हात किती सढळ होता हे त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचं 'स्मृतिचित्रे' वाचलेल्यांना सांगायला नको. लक्ष्मीबाईंच्या संसाराने त्याची किंमतही मोजली. देणं आणि कारभार सांभाळणं या दोन वेगळ्या कला आहेत, याला त्या घराइतका चांगला दाखला सापडणार नाही.

पुढे 1924 मध्ये या मंडळ्या उत्तर हिंदुस्थानच्या संयुक्त मंडळीत सामील झाल्या, आणि 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपुरात सहा पंथ एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया म्हणजे सीएनआय स्थापन झालं. नगरच्या मंडळ्या त्याच्या नाशिक धर्मप्रांतात येतात. मिशनचे बंगले रिकामे झाले. मंडळ्या, इमारती आणि पगाराची यादी मागे राहिली.

हेड आणि टेल

आजची व्यवस्था समजायला या जिल्ह्यात प्रवरेच्या कालव्यासारखी दुसरी उपमा नाही. भंडारदऱ्याचं धरण 1926 मध्ये पुरं झालं. कालव्याच्या वरच्या अंगाचा शेतकरी, म्हणजे हेडवाला, पाण्याजवळ असतो. शेवटच्या चारीवरचा, टेलवाला, आशेवर असतो. हेडवाल्याने दार मोडून पाणी ओढलं तर टेलला चिखलही पोचत नाही. म्हणून पाळी ठरते, माप ठरतं आणि पाटकरी नेमला जातो. मंडळ्यांचं तसंच. नगर, श्रीरामपूर इथल्या नोकरदारांच्या मंडळ्या हेडला. पाथर्डी, कर्जत, जामखेडच्या जिरायती गावांतल्या टेलला. प्रत्येक मंडळी आपल्या जमेतला ठरावीक हिस्सा धर्मप्रांताकडे पाठवते. बोलण्यात त्याला 'असेसमेंट' म्हणतात. त्या एकत्र पैशातून पाळकांचे पगार निघाले, तर श्रीमंत मंडळीचा पाळक आणि गरीब मंडळीचा पाळक यांच्या वेतनात फार अंतर राहत नाही आणि बदलीही करता येते. अशी पद्धत जगात इतरत्रही आहे. स्कॉटलंडमध्ये 1843 साली सरकारमान्य चर्चमधून शेकडो पाळक बाहेर पडले तेव्हा थॉमस चामर्सने एक मध्यवर्ती निधी उभारला. त्यात सगळ्या मंडळ्यांनी टाकायचं आणि प्रत्येक पाळकाला सारखा वाटा द्यायचा. डोंगराळ भागातल्या गरीब मंडळ्या त्यावर तगल्या.

> चौकट: तीन मंडळ्यांचा हिशेब
>
> (आकडे काल्पनिक, फक्त रीत कळण्यापुरते.) शहरातल्या मंडळीची वर्षाची जमा 12 लाख रुपये, बागायती गावाची 3 लाख, जिरायती गावाची 60 हजार. एका पाळकाचा वर्षाचा खर्च 2 लाख 40 हजार. तिघांचा 7 लाख 20 हजार.
>
> हिस्सा 40 टक्के ठेवला तर निधीत 6 लाख 24 हजार येतात. 96 हजार कमी पडतात. हिस्सा 50 टक्के केला तर 7 लाख 80 हजार. पगार देऊन 60 हजार गंगाजळीत.
>
> दुष्काळ पडला. बागायती गावाची जमा दीड लाखावर, जिरायती गावाची 20 हजारांवर आली. निधीत 6 लाख 85 हजार. तूट 35 हजार. गंगाजळीतून ती भागते, 25 हजार उरतात. दुसऱ्या वर्षीही पाऊस गेला, की 10 हजारांची उणीव उघडी पडते.

चौकटीतला हिशेब दोनदा वाचावा असा आहे. चांगल्या वर्षी जिरायती गाव 30 हजार देतं आणि 2 लाख 40 हजारांचा पाळक मिळवतं. शहर 6 लाख देतं आणि तेवढाच पाळक मिळवतं. सारा निधी शहराच्या खांद्यावर उभा आहे. शहरातल्या मंडळीने एखाद्या अफवेवरून आपला हिस्सा निम्मा केला, तर निधीतून 3 लाख जातील. दोन्ही गावं मिळून देतात ते 1 लाख 80 हजार. म्हणजे दोन सलग दुष्काळांनी जेवढं नुकसान होतं, त्याहून जास्त एका संशयाने होतं.

धान्य, कोयता आणि भोपळा

निधीचं दुसरं काम वेळ जुळवायचं. पगार महिन्याला, मिळकत हंगामाला, हा जुना पेच अजून सुटलेला नाही, फक्त बलुत्याच्या जागी ऊसतोड आली. कोयते गेले की बाकं रिकामी होतात आणि थैलीही हलकी होते. टोळ्या उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात, पण तोवर मुकादमाची उचल फिटायची असते. म्हणून गावाकडच्या मंडळीचं खरं आर्थिक वर्ष कापणीच्या सणाभोवती फिरतं. त्या दिवशी वेदीपुढे ज्वारी-बाजरीच्या पाट्या, कणसं, अंडी, पाय बांधलेली कोंबडी, भोपळे असं सगळं येऊन पडतं. भक्ती संपली की लिलाव. पन्नासाच्या भोपळ्यावर पाचशेची बोली चढते. घेणारा तो पुन्हा मंडळीला देतो आणि भोपळा दुसऱ्यांदा बोलीला उभा राहतो. बघणाऱ्याला गंमत वाटेल, पण यात काही गोष्टी चोख साधतात. ज्याच्याकडे रोख नाही त्याचंही दान मानाने वेदीपर्यंत पोचतं, आणि सणाला शहरातून आलेल्या लेकाच्या खिशातला पैसा, त्याला न मागता, गावच्या खात्यात येतो.

कॅथलिक मंडळीत हीच कामं वेगळ्या रीतीने होतात. जिल्ह्यातले कॅथलिक 1987 मध्ये पुण्यापासून वेगळ्या झालेल्या नाशिक धर्मप्रांतात येतात. धर्मगुरू ब्रह्मचारी असल्याने त्याचा खर्च मुळातच कमी, आणि कारभार बिशपच्या हाती. ठरावीक रविवारची दानं ठरावीक कामालाच जातात. 1926 मध्ये पोप अकरावे पायस यांनी सुरू केलेला ऑक्टोबरातला मिशन रविवार त्यांतलाच एक. हरेगावच्या मतमाउलीच्या यात्रेत तर पेटीत टाकणारे सगळे ख्रिस्तीही नसतात.

एक मर्यादा मात्र कुठल्याच निधीला चुकत नाही. वाटून घेतल्याने धोका कमी होतो तो सगळ्यांवर एकदम संकट येत नाही तोवर. मुळा नदीला पाणी असताना जामखेड कोरडं पडलं तर राहुरी त्याला सांभाळील. पण 1896-97, 1899-1900 किंवा 1972 सारखं वर्ष आलं, की अख्खा जिल्हाच टेल होतो. त्या पहिल्या दोन दुष्काळांत अमेरिकेतून आलेल्या मदतीवर नगरमध्ये रॉबर्ट ॲलन ह्यूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोठं काम केलं. दुरून येणारा पैसा अशा वेळेसाठी योग्यच. दरमहाच्या पगारासाठी तो अयोग्य, कारण त्याची आवक इथल्या पावसावर नाही तर तिथल्या बाजारावर ठरते. 1930 च्या दशकातल्या मंदीत अमेरिकन देणग्या आटल्या तेव्हा हे मिशनांना चांगलंच कळलं.

'आमचा पैसा बाहेर का?'

शहरातल्या मंडळीत हा प्रश्न दरवर्षी उठतो आणि तो चुकीचा नाही. आमचं छप्पर गळतंय, मुलांना शिष्यवृत्ती द्यायचीय, मग निम्मी जमा पाठवायची कशाला? वचन सांगून त्याचं तोंड बंद करता येतं, पण उत्तर दिल्यासारखं होत नाही. खरं उत्तर वहीत आहे. शहरी मंडळीच्या सभासदांची नावं काढा. त्यांतल्या कितीतरी जणांचा किंवा त्यांच्या आईबापांचा बाप्तिस्मा वडाळा, राहुरी, कोळगाव अशा कुठल्या तरी खेड्यात झालेला असतो. शहराला तयार माणूस मिळाला, त्याला घडवायचा खर्च गावाने आणि निधीने केला. हिस्सा म्हणजे काही अंशी त्याची परतफेड आहे.

दुसरा आक्षेप उलट बाजूचा: आयता पाळक मिळाला की गाव आळसावतं. यात तथ्य आहे, बोस्टनच्या पैशाने ते दाखवूनच दिलं. तूट कितीही आली तरी वरून भरून निघणार असेल, तर थैलीत जास्त टाकायला कारण उरत नाही. म्हणून टेलच्या मंडळीचाही हिस्सा माफ करू नये. तीस हजार असोत की दहा, ते निधीत पडलेच पाहिजेत. त्यांच्या जोरावरच त्या गावचा प्रतिनिधी धर्मप्रांताच्या सभेत ताठ मानेने बसतो. पाळकाच्या घराची डागडुजी, वीजबिल अशी काही कामं गावाकडेच ठेवावीत. मिझोराममध्ये बायका 1910 पासून प्रत्येक स्वयंपाकाच्या वेळी मूठभर तांदूळ मंडळीसाठी बाजूला काढतात आणि त्यातून आज मोठी रक्कम उभी राहते. गरिबाला देता येत नाही, हा समज मिझो बायकांनी कधीच खोटा पाडला.

मात्र गरिबाकडून सक्तीने दशमांश घेणं वेगळं. महिना दहा हजारांत घर चालवणाऱ्याने एक हजार दिले तर त्याच्या ताटातलं जातं. लाख रुपये मिळवणाऱ्याने दहा हजार दिले तर फार तर त्याची बचत कमी होते. टक्केवारी सारखी असली तरी भार सारखा नाही. पौलाचं 'मिळकतीच्या मानाने' हेच इथे न्याय्य वाटतं. दहा टक्के हे पगारदारासाठी किमान माप ठरवावं, मजुरासाठी नव्हे.

राहिला सगळ्यात जड आक्षेप: वर गेलेला पैसा वरच मुरतो. महाराष्ट्रात चर्चच्या जमिनी आणि कारभार यांवरून धर्मादाय आयुक्तांकडे आणि कोर्टात खेटे चालू असतात, हे सर्वांना दिसतं. त्याला उत्तर म्हणून 'विश्वास ठेवा' असं म्हणणं म्हणजे पौलापेक्षा स्वतःला सज्जन समजणं. त्याने स्वतःवरचा विश्वासही गृहीत धरला नाही. पाटकऱ्याची वही उघडी असते म्हणून टेलवाला शांत राहतो. गावपातळीवर हे बऱ्याच ठिकाणी होतं. भक्ती संपल्यावर दोघं-तिघं टेबलापाशी बसून थैली रिकामी करतात, नोटा वेगळ्या, नाणी वेगळी, बेरीज वहीत, खाली सह्या आणि पुढच्या रविवारी आकडा मोठ्याने वाचून दाखवणं. अडतं ते त्यापुढे. गावाने पाठवलेला हिस्सा वर गेल्यावर त्याचं काय झालं, हे त्याच वहीइतकं सोपं करून, मराठीत, एका पानावर, कुठल्या मंडळीने किती दिलं आणि तिच्यावर किती खर्च झाला एवढं लिहून, प्रत्येक चर्चच्या फळ्यावर लागलं पाहिजे. लेखापरीक्षकाचा जाडजूड अहवाल कायद्याला पुरतो, बाकावरच्या माणसाला नाही.

निधीची वेस

परदेशी मदतीचा आधारही आता आखडला आहे. परकीय देणग्यांच्या कायद्यात 2020 मध्ये बदल झाले. एका संस्थेने घेतलेली परदेशी देणगी दुसऱ्या संस्थेला देता येत नाही, प्रशासनावरच्या खर्चाची मर्यादा 50 वरून 20 टक्क्यांवर आली, आणि अशी रक्कम स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतल्या मुख्य शाखेतल्या खात्यातच घ्यावी लागते. वरची संस्था देणगी घेऊन ती खालच्या लहान संस्थांमध्ये वाटते, ही जुनी वाट त्यामुळे बंद झाली. देशातला, थैलीतला पैसा या कायद्याच्या बाहेर आहे. त्यामुळे मंडळ्यांमधल्या वाटपाचा सगळा भार त्याच्यावर आला.

नेमक्या याच काळात थैलीतला पैसा जिल्हा सोडून चालला आहे. जामखेडचं कुटुंब पिंपरी-चिंचवडला गेलं, तिथल्या मंडळीत नाव लागलं, की त्याचं दान पुणे धर्मप्रांतात जमा होतं. गावचा पाळक नाशिक धर्मप्रांताच्या निधीवर असतो. दोन धर्मप्रांतांमध्ये पैसा हलवायचा तर तो सिनॉडच्या, म्हणजे सगळ्या सीएनआयच्या, पातळीवरूनच हलू शकतो, आणि तिथपर्यंत जाणारा हिस्सा फार लहान. यूपीआयमुळे एक आडवाट निघाली आहे. पिंपरीतला माणूस कापणीच्या सणाला गावी न येताही भोपळ्यावर बोली लावू शकतो आणि पैसे थेट गावच्या खात्यात टाकू शकतो. गावाला तेवढा दिलासा मिळतो. पण ती रक्कम गावची जमा धरून तिच्यातून धर्मप्रांताचा हिस्सा कापायचा, की ती खास देणगी म्हणून बाजूला ठेवायची? कापला तर पाठवणारा पुढच्या वर्षी हात आखडेल. नाही कापला तर ज्या गावांची पोरं पुण्या-मुंबईत कमावती आहेत ती सुस्थितीत राहतील आणि ज्यांची अजून कोयत्यावर आहेत ती आणखी मागे पडतील. हा नियम ठरवायची जागा धर्मप्रांताची सभा आहे, आणि तो ठरवायचा तर आधी अशी रक्कम किती येते ते गावच्या वहीत वेगळ्या रकान्यात लिहिलं जायला हवं.